तीन डब्यांतल्या गोळ्या

कारखान्यात तिला सगळे कार्डबाई म्हणत. तोंडावर नाही, पण फार लपूनछपूनही नाही. रंगाच्या त्या कारखान्याचं गोदाम एकवीस वर्षं तिच्या ताब्यात होतं आणि एवढ्या वर्षांत तिने कुणाला कार्डाशिवाय खिळासुद्धा दिला नव्हता. आत येणाऱ्या प्रत्येक पिंपाला, पोत्याला, कॅनला एक पिवळं कार्ड लटकायचं. माल काय, आला कधी, ठेवला कुठे, एवढं त्यावर छापलेलं असे. चौथी ओळ ती स्वतःच्या हाताने लिहायची: शेजारी काय ठेवायचं नाही.

एकदा खुद्द मॅनेजरसाहेब हातमोजे मागायला खिडकीशी आले. तिने कार्ड पुढे सरकवलं. साहेब म्हणाले, "बाई, मी या कारखान्याचा मॅनेजर आहे." ती म्हणाली, "हो साहेब, तेच वरच्या ओळीत लिहा. सही खाली." साहेबांनी निमूटपणे सही केली. कँटीनला ही गोष्ट पुढे वर्षभर पुरली.

आता अशी बाई घरीही सगळ्यांना शिस्त लावत असेल, असं कुणालाही वाटेल. पण घरी तिला कुणी काही विचारतच नसे. सकाळी सातला बाहेर पडायची, संध्याकाळी साडेसहाला तिसरा मजला चढून यायची. त्यामुळे सासूबाई, नवरा आणि नणंद अशा तिघांनी मिळून ठरवून टाकलं होतं की बाबांच्या आजारपणाचं काहीही हिच्या अंगावर टाकायचं नाही. "तू दमून येतेस, तू राहू दे," असं सगळे प्रेमानेच म्हणत. प्रेमाने म्हटलेल्या गोष्टीला नाही म्हणणं फार अवघड असतं, आणि खरं सांगायचं तर तिलाही ते बरंच वाटत होतं.

बाबा म्हणजे तिचे सासरे. चौतीस वर्षं त्यांनी शहरातली बस चालवली. सगळी वळणं, सगळे थांबे तोंडपाठ. असा माणूस दोनेक वर्षांपासून विसरायला लागला. किल्ली फ्रिजमध्ये ठेवायचे. एकच गोष्ट जेवताना तीनदा सांगायचे. मग एक दिवस केस कापून परत येताना चुकले आणि दोन तासांनी कुणीतरी हात धरून आणून सोडलं. मार्च महिन्यात मेंदूच्या डॉक्टरांनी अल्झायमर म्हणून सांगितलं, आणि त्या दिवसापासून घरात बाबांच्या सेवेची वाटणी झाली.

मेंदूचे डॉक्टर मुलाच्या वाट्याला आले. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता, महिन्यातून एकदा अर्धी रजा टाकून बाबांना न्यायचा. आठवणीची गोळी त्याच्या ताब्यात, ती तो कपाटातल्या निळ्या डब्यात ठेवायचा आणि सकाळी स्वतः द्यायचा. पुढे लघवीचा त्रास सुरू झाला तेव्हा लघवीचे डॉक्टर मुलीकडे गेले, कारण तो दवाखाना तिच्या घराजवळ होता. दर रविवारी ती येऊन स्वयंपाकघरातला पांढरा डबा आठवड्याच्या गोळ्यांनी भरून जायची. आणि झोपेचं सासूबाईंनी सांभाळलं. त्यांचा डबा बटणांचा होता, शिवणाच्या मशीनच्या खणातला. तो कुणी पाहिलाच नव्हता.

तिघांनाही आपापल्या कामाचा अभिमान होता, आणि तिघंही दुसऱ्याच्या कामात तोंड घालत नसत. बाबा बिचारे ज्याने जे हातावर ठेवलं ते पाण्याबरोबर गिळत. "घेतली रे बाबा," म्हणून तोंड उघडूनही दाखवत.

पण मेपासून बाबा घसरणीला लागले. त्यांना दिवाणखान्याच्या पडद्यात माणसं दिसायला लागली. पडद्याकडे हात करून ते म्हणत, "ह्या लोकांना उतरवा, डेपो आला. शेवटची गाडी आहे." सुरुवातीला घरातले हसले. मग बाबा रडायला लागले, कारण प्रवासी उतरत नव्हते आणि त्यांची ड्यूटी संपत नव्हती. संडासाचं दार सापडेना. बायकोला ते "अहो बाई" म्हणू लागले. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारानंतर सासूबाईंना ते "अहो बाई" कसं लागलं असेल, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. जूनमध्ये डॉक्टरांनी आठवणीची गोळी दुप्पट केली. बाबांचं पोट बिघडलं आणि डोकं काही सुधारलं नाही.

आठ जुलैला दुपारी कार्डबाई गोदामात एका सुपरवायझरशी भांडत होती. त्याने ब्लीचिंग पावडरची पोती ॲसिडच्या कॅनना टेकवून रचली होती आणि वर तिलाच समजावत होता, "दोन दिवसांचाच प्रश्न आहे बाई. आणि दोन्ही माल एक नंबर आहेत, सीलबंद."

"चांगले आहेत म्हणूनच तर वेगळे ठेवायचे," ती म्हणाली. "वाईट माल मी ठेवतच नाही, परत पाठवते. उचला."

पोती उचलली जात असतानाच नणंदेचा फोन आला. ताईंचा आवाज घाईघाईचा होता. "ऐक, वृद्धांच्या त्या संस्थेत जागा मिळाली. विसरणाऱ्या लोकांसाठीच आहे. एक ऑगस्टला न्यायचं. फक्त बाबांना घेतात, आईला नाही, पण रविवारी भेटायला देतात. आईला मी सांगितलंय. ती काही बोलली नाही, म्हणजे तिला पटलंय."

सासूबाई गप्प बसल्या म्हणजे त्यांना पटलं, असं त्या घरात आजवर कधीच झालं नव्हतं. हे कार्डबाईला कळत होतं. ताईंनाही कळत असणार, पण आईच्या अंगाची हाडं दिसायला लागली होती, आणि ताईंना दोघांपैकी एकाला तरी वाचवायचं होतं. त्यांचंही चूक नव्हतं.

तिने फोन ठेवला. हातात नुकतंच लिहिलेलं कार्ड होतं. चौथ्या ओळीवर तिची नजर गेली आणि मनात एकदम आलं, बाबा एकूण किती गोळ्या घेतात? गोदामातल्या नऊशे वस्तूंपैकी कुठलीही वस्तू कधी आली, कुठे आहे आणि तिच्या शेजारी काय नको, हे ती झोपेतसुद्धा सांगू शकली असती. घरातल्या माणसाच्या पोटात रोज काय जातं हे तिला सांगता येईना. तिला स्वतःची लाज वाटली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा ती अर्धी रजा टाकून घरी गेली आणि सुपरवायझरला वाटलं, बाई आपल्यावर रुसली.

घरी जाऊन तिने जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं. निळा डबा आणला, पांढरा डबा आणला, फाइलमधल्या चिठ्ठ्या काढल्या. मग सासूबाईंना विचारलं, "आई, आणखी काही देता का बाबांना?"

"नाही गं."

"काहीच नाही? चूर्ण, काढा, मलम?"

सासूबाईंनी पदराला हात पुसले. मग उठून मशीनच्या खणातून बटणांचा डबा आणून त्यांनी टेबलावर ठेवला. बटणांच्या खाली पिवळ्या गोळ्यांच्या चार पट्ट्या होत्या.

"सर्दीची आहे. अगदी साधी. दुकानात कुणालाही देतात."

"सर्दी कोणाला झालीये आई?"

"कुणालाच नाही," सासूबाई म्हणाल्या. "ती घेतली की झोपतात. नाहीतर सारखे उठतात, दार उघडतात. मी पण माणूसच आहे ना. आधी एक द्यायचे, आता दोन देते." आणि त्या टेबलाशी बसून रडायला लागल्या. कार्डबाईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या बाईने तीन महिने एकटीने काय काय ओढलं असेल याचा अंदाज तिला त्या वेळी आला, आणि 'तू दमून येतेस' ऐकून आपण किती सहज मोकळ्या झालो होतो याचाही.

मग तिने पर्समधून कोरी पिवळी कार्डं काढली. हो, तिच्या पर्समध्ये असत. एकूण चार कार्डं झाली. एक रक्तदाबाची गोळी, ती दहा वर्षं जुनी. दुसरी आठवणीची, डोनेपेझिल. तिसरी लघवीची घाई थांबवणारी, ऑक्सिब्युटिनिन, ज्याचा उच्चार ताई कायम 'ती ऑक्सी' एवढ्यावर भागवत. चौथी सर्दीची, कुणालाही न झालेल्या सर्दीची.

प्रत्येक कार्डावर तिने सुरू केल्याची तारीख घातली. तारखा चिठ्ठ्यांवर होत्याच, पण खरं काम भिंतीवरच्या कॅलेंडरने केलं. सासूबाईंना चौकटीत बारीक अक्षरात लिहायची सवय होती. 'आज चादर दोनदा बदलली.' 'यांना पडद्यात माणसं दिसली.' 'मला ओळखलं नाही.' त्या नोंदी कुणी वाचत नव्हतं. कार्डबाईने मार्चपासून एकेक पान उलटत त्या कार्डांवर उतरवल्या आणि मग कार्डं तारखेप्रमाणे ओळीने मांडली.

चार मार्चला आठवणीची गोळी. मार्च सरता सरता चादरी बदलायला सुरुवात. बारा एप्रिलला लघवीची गोळी. चौदा मेला पहिले प्रवासी पडद्यात. वीस मेला सर्दीची पहिली गोळी. तीस मेला 'मला ओळखलं नाही.'

ती खुर्चीतून उठली, पाणी प्यायली आणि परत येऊन तीच ओळ पुन्हा वाचली. आजार हळूहळू चढतो असं डॉक्टर म्हणाले होते. हा तर जिना सोडून लिफ्टने खाली गेला होता.

नवरा आल्या आल्या तिने त्याला विचारलं, "मेंदूच्या डॉक्टरांना लघवीच्या गोळीचं सांगितलं होतंस?"

"मेंदूच्या डॉक्टरला लघवीचं काय सांगायचं?" तो म्हणाला. "ते विचारतात, आणखी कुठली औषधं? मी सांगतो, ब्लडप्रेशरची. मी देतो त्या दोन्ही सांगितल्या की."

ताईंना फोन लावला. त्यांनीही लघवीच्या डॉक्टरांना आठवणीच्या गोळीचं सांगितलं नव्हतं. "तिथे चार लोकांसमोर बाबांना वेडं ठरवू का?" त्या म्हणाल्या. आणि इकडचं सगळं ऐकल्यावर त्यांचा आवाज चढला. "म्हणजे मी आणलेल्या गोळीने बाबांचं असं झालं? तू कधीपासून डॉक्टर झालीस गं?"

"मी डॉक्टर नाही ताई. मी एकही गोळी बंद करणार नाही. मला फक्त चारही कार्डं एका माणसाला दाखवायची आहेत."

"दाखव. पण एक तारीख ती एक तारीख. आईला काही झालं तर मी कुणाचं ऐकणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी औषधाचं दुकान उघडायच्या आधी ती पायरीवर उभी होती. दुकानदार म्हातारा, जाड चष्म्याचा, बोलायला काटकसरी. त्याने चार कार्डं काउंटरवर मांडली, चष्मा वर केला, खाली केला, आणि लघवीचं आणि सर्दीचं अशी दोन कार्डं बोटाने बाजूला सरकवली.

"या दोन, या गोळीबरोबर?" आठवणीच्या कार्डावर बोट ठेवत तो म्हणाला. "आणि वय अठ्ठ्याहत्तर?" मग त्याने चष्मा काढून ठेवला. "ही सर्दीची माझ्याच दुकानातून गेली असणार. कुणासाठी हवी ते मी विचारलं नाही. तुम्ही आपल्या मनाने काही बंद करू नका. डॉक्टरांना गाठा. आज."

आज. मेंदूच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या मुलीने वही चाळून सांगितलं, चौदा ऑगस्ट. कार्डबाई म्हणाली, "मी बसते." मुलगी म्हणाली, "बसून उपयोग नाही." कार्डबाई म्हणाली, "माझ्या खिडकीशी लोक असेच बसतात. मला माहीत आहे उपयोग होतो की नाही." आणि ती बसली. अडीच तास. पेशंट येत होते, जात होते, मुलगी दर दहा मिनिटांनी तिच्याकडे पाहत होती आणि ती दर वेळी मुलीकडे पाहून गोड हसत होती. शेवटी डॉक्टर चहासाठी बाहेर आले.

"डॉक्टर, चार कार्डं आहेत. दोन मिनिटं लागतील."

डॉक्टरांनी ती उभ्यानेच हातात घेतली, सवयीने, टाळण्यासाठी घेतात तशी. दुसऱ्या कार्डाशी ते थांबले. तिसरं वाचून पुन्हा दुसरं पाहिलं. मग ते तिच्या शेजारी, पेशंटच्या बाकावर बसले आणि चौथं कार्ड हातात धरून म्हणाले, "हे कुणी केलं?"

"मी. गोदामात कामाला आहे."

"मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन असतं," डॉक्टर म्हणाले. "या आजारात ते कमी पडतं. माझी गोळी, जे उरलंय ते लवकर संपू देत नाही. ही लघवीची गोळी त्याच रसायनाची वाट अडवते. मूत्राशयात अडवायची म्हणून देतात, पण ती मेंदूतही अडवते. सर्दीची ही जुनी गोळीही तेच करते. म्हणजे मी एका बाजूने ढकलतोय आणि या दोघी दुसऱ्या बाजूने. आणि गंमत म्हणजे लघवीची घाई माझ्या गोळीनेही होऊ शकते."

"म्हणजे त्या गोळीच्या त्रासावर ही गोळी, हिच्या त्रासावर ती सर्दीची, आणि सगळ्यांच्या त्रासावर तुम्ही पहिली दुप्पट केली," कार्डबाई म्हणाली. तिचा आवाज जरा चढलाच.

डॉक्टरांनी मान हलवली. "हो. मी विचारलं होतं, पण नीट विचारलं नव्हतं. पट्ट्या आणून दाखवा म्हणायला हवं होतं." चहा निवत होता. तो तसाच ठेवून त्यांनी खिशातून फोन काढला आणि तिच्यासमोरच लघवीच्या डॉक्टरांना लावला. त्या मुलीला वहीत उद्या सकाळची पहिली वेळ लिहावी लागली. कार्डबाईने तिचेही मनापासून आभार मानले, कारण दुसऱ्याचे नियम मोडताना आपण नम्र असावं असं तिला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी बाबांची तपासणी झाली. नाडी, हृदयाचा आलेख, रक्त, लघवी, दुसरं काही कारण तर नाही ना ते पाहायला. नव्हतं. लघवीची गोळी बंद झाली. सर्दीच्या दोनांची एक, मग चार दिवसांनी शून्य. आठवणीची गोळी पुन्हा आधीच्या मात्रेवर आली. "दोन-तीन आठवडे लागतील," डॉक्टर म्हणाले. "आणि एक गोष्ट आत्ताच सांगतो. आजार आहे तो आहेच. या गोळ्यांनी वरून जेवढं नेलं, तेवढंच परत येईल, आलं तर."

"तेवढं द्या," ती म्हणाली. "आजाराच्या वाट्याचं आम्ही मागत नाही."

पहिले चार दिवस वाईट गेले. बाबांची झोप उडाली, सासूबाईंची उडाली, आणि आता नवरा-बायको पाळ्या लावून जागत होते, कारण कार्डबाईने 'तू राहू दे' हे वाक्य घरात बंद करून टाकलं होतं. लघवीसाठी तिने वेगळीच युक्ती काढली. दर दोन तासांनी, घाई असो वा नसो, बाबांना न्यायचं. बाबा सुरुवातीला अडून बसले. मग तिने एका पुठ्ठ्यावर मोठ्या आकड्यांत वेळापत्रक लिहिलं: सात, नऊ, अकरा, एक. वर लिहिलं, 'गाडी वेळेवर सुटेल.' बाबांनी ते वाचलं, घड्याळ पाहिलं आणि उठले. चौतीस वर्षांत त्यांनी गाडी कधी उशिरा सोडली नव्हती. अकराला दोन मिनिटं कमी असताना ते स्वतःच दारात उभे राहून म्हणत, "चला, सिग्नल झाला." घरातल्या घरात ही बससेवा अशी चोख चालली की तिसऱ्या दिवशी चादर बदलावी लागली नाही.

सहाव्या दिवशी पडद्यात दोनच प्रवासी उरले. नवव्या दिवशी सासूबाईंनी भीत भीत विचारलं, "अहो, आज गाडीत कोण आहे?" बाबांनी पडद्याकडे पाहिलं आणि मग बायकोकडे, जरा काळजीने. "पडदा आहे तो," ते म्हणाले. "तुला बरं वाटत नाही का?"

सासूबाई स्वयंपाकघरात जाऊन एकट्याच हसत बसल्या. हसता हसता त्यांनी सुनेच्या कारखान्यात फोन लावला, जो त्यांनी जन्मात कधी लावला नव्हता. कार्डबाईने गोदामाची खिडकी पाच मिनिटं बंद केली. बाहेर रांगेत कुणीतरी म्हणालं, आज सूर्य कुठे उगवला?

बाराव्या दिवशी बाबांनी वर्तमानपत्र सुलटं धरलं. पंधराव्या दिवशी स्वतः दाढी केली, हनुवटीखाली अर्धी राहिली ती राहिली. सतराव्या दिवशी त्यांनी हाक मारली, "ऐकलंस का? चहात साखर नाही." दोन महिन्यांनी 'अहो बाई' गेलं आणि 'ऐकलंस का' परत आलं. सासूबाईंनी साखर आणून घातली. त्यांनी चहात साखर आधीच घातली होती, पण त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा घातली आणि बाबांनी तो पाक आनंदाने प्यायला.

सगळंच काही परत आलं नाही. आजचा वार सांगता येत नव्हता. ताईंच्या मुलाचं नाव येई, वय येत नसे. दुपारचं जेवण झालं की नाही यावर वाद चाले. पण माणूस घरात परतला होता, आणि तो परतलाय हे त्यालाही कळत होतं.

ताईंना हे सगळं फोनवर सांगितलं जात होतं. त्या "बरं" म्हणायच्या. आधी दोनदा असं झालं होतं, चार दिवस चांगले जायचे आणि आशा लावून घ्यायची. तिसऱ्यांदा फसायची त्यांची तयारी नव्हती. एक ऑगस्टला सकाळी दहाला त्यांचा फोन आला, तो बाबांनी उचलला. ताई म्हणाल्या, "बाबा, मी चारला येते. गाडी घेऊन येते. बोलवत नाहीये जास्त, माझी दाढ दुखतेय." बाबांनी "बरं" म्हणून फोन ठेवला.

चार वाजता ताई आल्या. खाली गाडी उभी होती. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या, हात मांडीवर. कार्डबाई रजा घेऊन घरी होती आणि तिने ठरवलं होतं की आपण एक शब्द बोलायचा नाही. तिला जे दाखवायचं होतं ते दाखवून झालं होतं.  पण मनात एकच भीती होती, आज नेमका वाईट दिवस निघाला तर?

बाबा खिडकीशी खुर्चीत होते. ताई समोर जाऊन उभ्या राहिल्या. बाबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, जरा पुढे वाकून.

"सुजलाय की गाल," ते म्हणाले. "दाढेला काही लावलंस का सकाळपासून, की नुसतीच गाडी चालवतेयस?"

 मे महिन्यापासून ज्या माणसाच्या डोक्यात दहा मिनिटांपूर्वीची गोष्ट टिकत नव्हती, त्याने लेकीची दाढ सहा तास सांभाळून ठेवली होती. ताईंनी काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्या बाबांच्या गुडघ्यावर डोकं टेकून ढसाढसा रडल्या. बाबांना वाटलं, दाढ फारच दुखतेय. ते तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणत राहिले, "काढून टाकू. काढून टाकू आपण. मी येतो बरोबर."

थोड्या वेळाने ताई उठल्या. डोळे पुसले, वहिनीकडे पाहिलं. "माझ्यावर रागावली नाहीस ना?"

"ताई, गोळी चांगलीच होती तुमची," कार्डबाई म्हणाली. "फक्त शेजार चुकला."

ताईंनी पर्समधून फोन काढून संस्थेचा नंबर लावला. पलीकडून कुणीतरी बोललं, पण ताईंचा आवाज फुटेना. त्या नुसत्या फोन कानाशी धरून उभ्या राहिल्या. तेव्हा सासूबाई पलंगावरून उठल्या, शांतपणे चालत आल्या आणि त्यांनी लेकीच्या हातातून फोन घेतला. तीन आठवडे या विषयावर एक शब्द न बोललेली बाई स्पष्ट, खणखणीत आवाजात बोलली.

"आम्ही येत नाही. जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्यांनी ते ऐकून घेतलं.

"नाही, बरे झाले नाहीत," त्या म्हणाल्या. "घरी आहेत."